अर्ध्यावर सरकलेली डिस्क

माझे काम सांगितले की लोक विचारतात, "म्हणजे रिपेअरिंग?" तसे नाही. संगणकात विंडोज आधीपासून असते. त्याला धक्का न लावता त्याच डिस्कवर शेजारी लिनक्स बसवायचे आणि संगणक सुरू करताना दोहोंपैकी हवे ते निवडता येईल अशी व्यवस्था करायची, हे माझे काम. पिंपरीतील एका मोठ्या कारखान्याच्या संगणक विभागात बत्तीस वर्षे नोकरी केली. निवृत्तीनंतर रावेतला राहायला आलो. तेव्हापासून भोसरी ते चाकण या पट्ट्यातील लहान कारखान्यांत हे काम करतो. मोजमापाची नवी सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालतात, जुनी विंडोजवर. कारखानदाराला दोन्ही लागतात आणि संगणक एकच असतो.

लिनक्स बसवणे अवघड नाही. अडते ते जागेवरून. डिस्क ही जमीन समजावी. तिचे प्लॉट पाडलेले असतात. कोणता प्लॉट कोठून कोठपर्यंत, याची एक छोटी नोंद डिस्कच्या सुरुवातीला असते. आमच्या भागात हे समजावून सांगावे लागत नाही. सातबारा म्हटले की पुरते. नोंद बिघडली तर जमीन जागेवर असते, फक्त हद्दी पुन्हा शोधाव्या लागतात. ते मला जमते. जमीनच उलटीपालटी झाली तर शाबूत नोंदीचा उपयोग नाही. ते कोणालाच जमत नाही.

पुनावळ्याचे एक जमीन व्यवहारातील गृहस्थ आपला लॅपटॉप घेऊन घरी आले होते. लिनक्स बसवायला गेले आणि विंडोज नाहीसे झाले.

"पडद्यावर काय विचारले होते?" मी म्हणालो.

"विचारलं होतं काहीतरी."

"तुम्ही काय उत्तर दिले?"

"हो म्हटलं. पहिलाच पर्याय होता राव. पहिला म्हणजे चांगलाच असणार ना?"

पहिला पर्याय 'संपूर्ण डिस्क पुसून टाका' हा होता. दुसरा 'विंडोजच्या शेजारी बसवा' हा होता.

"खरेदीखतावर सही अशीच करता का?"

त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. त्यांचे निम्मे फोटो परत मिळाले. मी त्यांना बरेच बोललो. न वाचता पुढे जाणे हा इतरांचा दोष आहे, असे मला तेव्हा वाटत असे.

आता भोसरीची हकीकत.

औद्योगिक वसाहतीतील एका गल्लीत सचिन नावाच्या गृहस्थांचे वर्कशॉप आहे. सव्वीस माणसे. घर भोसरी गावठाणातले, जुने शेतकरी. वर्कशॉप वडिलांनी घातले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. यंत्रावर तयार झालेला भाग बरोबर आहे की नाही, हे केसाच्या जाडीहून बारीक मापात तपासणारे एक मोजणी यंत्र तेथे काचेच्या खोलीत आहे. ते एका जुन्या संगणकावर चालते. प्रत्येक भागासाठी मोजणीचा वेगळा प्रोग्राम लिहावा लागतो. तो लिहिण्याचे काम वैशालीकडे. ती तेथील क्वालिटी इंजिनिअर.

चाकणच्या एका कंपनीने सचिनला नवा भाग बनवायला दिला होता. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी कंपनीची माणसे तपासणीला येणार होती. त्यांच्यासमोर तो भाग मोजून दाखवायचा, पसंत पडला तर काम पक्के. नाही तर जुनी कामेही काढून घेण्याची भाषा झाली होती. पुढे त्याच कंपनीसाठी कॅमेऱ्याने तपासणी करायची होती आणि ते सॉफ्टवेअर लिनक्सवरचे होते.

सचिनने त्याच जुन्या संगणकावर स्वतः लिनक्स बसवण्याचा प्रयत्न केला होता. डिस्कवर शंभर जीबी जागा मोकळी केली. लिनक्सला ती दिसली, पण पुढे शेरा आला : निरुपयोगी. त्याने पुन्हा मोकळी केली, पुन्हा तोच शेरा. मग मला फोन केला.

"साहेब, जागा आहे आणि घेत नाही. असं कसं?"

मी जाऊन पाहिले. दहा मिनिटांचे निदान होते. जुन्या पद्धतीच्या नोंदीत मुख्य प्लॉट फक्त चार मांडता येतात. येथे चारही भरले होते : सुरुवातीचा छोटा, मग विंडोजचा सी, मग कामाच्या फायलींचा डी, आणि शेवटी विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला. पाचव्याला ओळच नव्हती. त्यामुळे जागा असूनही ती कोणाच्या नावावर चढवता येत नव्हती. शेवटचा प्लॉट काढायचा, त्याऐवजी पोटहिस्से पाडता येतील असा एक प्लॉट करायचा आणि त्यात लिनक्स बसवायचे. अर्ध्या तासाचे काम.

"आलाच आहात तर सी पण मोठा करा ना," सचिन म्हणाला. "भरत आलाय. सारखा अडकतो."

सी मोठा करायचा तर त्याच्या पुढचा डी आणखी पुढे सरकवावा लागतो. डीमध्ये वैशालीचे सगळे प्रोग्राम होते. प्लॉट सरकवणे म्हणजे रेघ हलवणे नव्हे. त्यातील प्रत्येक वस्तू उचलून नव्या जागी ठेवावी लागते. जुन्या डिस्कवर तीन तास लागतात. त्या काळात प्लॉट अर्धा जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी असतो. त्या अवस्थेत वीज गेली तर तो कोठेच राहत नाही.

मी नाही म्हणायला हवे होते. त्याची गरज नव्हती. पण अपुरे काम सोडून येणे मला आवडत नाही, आणि तो गुण आहे अशी माझी समजूत होती.

"डीची नक्कल आहे?" मी विचारले.

सचिनने कपाटातून बाहेरची डिस्क काढून दिली. मी तिच्यातले दोन फोल्डर उघडले. फायली उघडल्या. नक्कल आहे, असे मी ठरवले.

"खंडेनवमीला या," सचिन म्हणाला. "मशीन सगळी बंद असतात. कोणी त्रास देणार नाही."

मला ते सोयीचे वाटले.

आमच्या कारखान्यातही खंडेनवमी होत असे. प्रत्येक विभागात एका यंत्राला हार घालत, पेढा वाटत. भट्ट्या चालूच असत. वीज कधी बंद होत नसे. तेच चित्र माझ्या डोळ्यांसमोर होते. आमच्या घरी वडिलांच्या पिढीपासून ही पूजा नाही. वडिलांनी कारखान्यात हातोडा चालवला, आणि धम्मदीक्षा घेतल्यानंतर कधी कोणत्या पूजेला उभे राहिले नाहीत. त्यामुळे कोठे काय रीत असते, याची चौकशी मी कधी केली नव्हती. तेथेही केली नाही.

सकाळी नऊला पोहोचलो. लेथ, मिलिंग, ड्रिल सगळी धुऊन पुसून ठेवलेली. दारांना झेंडूची तोरणे. संगणकाच्या खोक्यावरही हळदकुंकू.

"ह्याला पण?" मी विचारले.

"मग? औजारच हाय की ते," देखभाल पाहणारे घुगे मेस्त्री म्हणाले. ते बीडचे. पन्नाशीचे. "उलट हेच लई त्रास देतंय. ह्याला दोन बोटं जास्त लावलंय."

मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, डी आकसवला आणि सव्वानऊला तो सरकवायला लावला. पडद्यावर पट्टी हळूहळू भरू लागली. वैशाली शेजारच्या टेबलावर तपासणीची कागदपत्रे लावत होती. बाहेर ध्वनिक्षेपकावर आरत्यांची रेकॉर्ड चालू झाली. पट्टी दोन तृतीयांश झाली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी दिवे गेले.

यूपीएस ओरडू लागला. संगणक चालू राहिला. मी पडद्याकडे पाहिले : शिल्लक एक तास दहा मिनिटे.

"लाइट कशी गेली?" मी विचारले.

"गेली नाही सर," वैशाली म्हणाली. "तात्यांनी मेन बंद केला. पूजेच्या आधी करतात."

घुगे मेस्त्री दारातून डोकावले होते. त्यांनी खुलासा केला. "मागं एकदा पूजेच्या वक्ताला फूल वाहताना चालू मशीननं एकाचं बोट गेलं. तवापासून मेन बंद, पॅनलला कुलूप, चावी पूजेच्या ताटात. आरती झाली की परसाद, मग जेवणं. चावी त्यानंतरच."

"हा यूपीएस किती वेळ चालेल?"

त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. "जुना हाय. दहा मिनिटं. फार तर बारा."

मी मॉनिटर बंद केला. तेवढाच भार कमी. आता डिस्कचा लहानसा दिवा लुकलुकताना दिसत होता, दुसरे काही नाही.

काम थांबवणे हा उपाय नव्हता. थांबवा म्हटले की सरकवणारा प्रोग्राम हलवलेले सगळे परत जुन्या जागी नेऊ लागतो, आणि त्याला आतापर्यंत लागला तेवढाच वेळ पुन्हा लागतो. पुढे जाण्यास सत्तर मिनिटे, मागे येण्यास दोन तास, हातात दहा.

वैशालीने सचिनला बोलावून आणले. नवा झब्बा, कपाळाला गंध.

"सचिन, मेन चालू करावा लागेल. आत्ता."

त्याने मागे वळून पाहिले. तात्या पाटावर बसले होते. समोर ताट, गुरुजी, भोवती बाकीची सगळी माणसे.

"साहेब, तात्या पूजेतून उठणार नाहीत. आणि चावी तर देणारच नाहीत, मी ओळखतो त्यांना." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "बॅकअप आहे ना आपल्याकडे?"

"आहे," मी म्हणालो.

"कुठला?" वैशालीने विचारले. "कपाटातला?"

"तोच."

"सर, तो मार्चचा आहे."

मी कपाटाकडे पाहिले.

"चाकणचा पार्ट आपल्याला जूनमध्ये आला," ती म्हणाली. "त्याचा प्रोग्राम फक्त डीवर आहे. साडेतीन महिने लागलेत मला. परवा नाही, तेरवा ते लोक येतायत."

मी दोन फोल्डर उघडले होते. तारीख पाहिली नव्हती. पुनावळ्याच्या गृहस्थांना मी जे बोललो होतो, ते सगळे मला शब्दशः आठवत होते.

सचिनला गुरुजींनी हाक मारली. तो माझ्याकडे पाहत मागे मागे गेला. काचेच्या खोलीपासून तात्यांचा पाट तीस पावलांवर होता. मी दारापर्यंत गेलो आणि थांबलो. ज्या पूजेत आपण बसत नाही, तिच्यात मधेच शिरून ताटातली चावी मागणे मला प्रशस्त वाटले नाही. सचिनने नाही म्हटले होते. मुलगा वडिलांना ओळखतो, असे मी गृहीत धरले. मी परत फिरलो. चार मिनिटे संपली होती.

"साहेब," घुगे मेस्त्री म्हणाले, "स्पीकर चालू हाय."

"मग?"

"मेन बंद हाय आन् स्पीकर चालू हाय. हापिसातल्या इन्व्हर्टरवर."

"इन्व्हर्टरची वायर येथवर आणता येईल?"

"वायर येईल, पण ह्यो यूपीएस इन्व्हर्टरचा करंट घेत न्हाई. मागं बघितलंय. बॅटरीच आणतो. बारा व्होल्टची हाय, ह्याच्या पोटात पण बाराचीच. जोडून देतो."

"चालू यूपीएस उघडणार?"

"बंद करून उघडला तर काय फायदा?"

हे बरोबर होते. कोणत्याही कारखान्यात मी हे करू दिले नसते. मी म्हणालो, "विचारून घ्या."

ते गेले. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. वैशाली यूपीएसच्या झाकणाचे स्क्रू काढू लागली. तिसरा स्क्रू फिरत होता, पण निघत नव्हता.

"नख घाला खालून," मी म्हणालो.

"घातलंय सर."

बाहेरचा ध्वनिक्षेपक अर्ध्या ओळीत थांबला. क्षणभर शांतता. मग तात्यांचा आवाज आला, रुंद आणि बेसूर, आणि त्याच्यामागे सगळ्यांचा. आरती तोंडाने सुरू झाली होती.

घुगे मेस्त्री आणि आणखी एक जण बॅटरी हातगाडीवर घेऊन आले. वेल्डिंगच्या केबलचे दोन तुकडे, टोकांना चिमटे.

"काय म्हणाले तात्या?"

"मी म्हनलं, कॉम्प्युटरला बॅटरी पायजे. ते म्हनले, ने."

यूपीएसचा आवाज बदलला. आधी दहा सेकंदांनी एकदा ओरडत होता, आता सलग ओरडू लागला. याचा अर्थ एक मिनिट, कदाचित तेवढेही नाही. चौथा स्क्रू तसाच ठेवून झाकण वाकवले. आतल्या बॅटरीच्या दोन पट्ट्या दिसल्या. धूळ इतकी होती की लाल कोणती आणि काळी कोणती, हे दिसेना. उलट जोडले असते तर यूपीएस जागेवर जळाला असता.

वैशालीने ओढणीच्या टोकाने पट्टी पुसली. "ही लाल."

"नक्की?" मी विचारले.

"नक्की, सर."

"पुन्हा पाहा."

तिने पुन्हा पाहिले. "लाल."

घुगे मेस्त्रींनी आधी काळा चिमटा लावला. मग लाल टेकवला. ठिणगी उडाली, मोठी. सलग ओरडणे थांबले. दहा सेकंद काहीच नाही. मग एकदा ओरडला. मग पुन्हा दहा सेकंद.

डिस्कचा दिवा लुकलुकत होता.

पुढचा तास सोपा नव्हता. तो यूपीएस दहा मिनिटांसाठी बनवलेला. सत्तर मिनिटे चालायची त्याला सवय नव्हती. पाव तासात त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर हात ठेवता येईना इतका तापला. पंखा लावावा तर वीज नाही. घुगे मेस्त्रींनी पॅकिंगचा पुठ्ठा फाडला आणि वारा घालायला बसले. दहा मिनिटांनी मी घेतला. मग वैशालीने.

"तिकडं देवाला वारा, हिकडं ह्याला," घुगे मेस्त्री म्हणाले. "दोन्ही परसन्न झाले पायजेत."

कोणी हसले नाही. ते स्वतःही नाही.

बाहेर प्रसाद वाटला गेला. जेवणाची पाने मांडल्याचा आवाज आला. सचिन दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी मान हलवली, आणि तिचा अर्थ त्याने हवा तसा घेतला. मी दर पंधरा मिनिटांनी मॉनिटर लावून पाहत होतो आणि लगेच बंद करत होतो. शेवटच्या वेळी लावला तेव्हा पट्टी भरली होती. बारा वाजून चौतीस मिनिटे.

संगणक विंडोजमध्ये सुरू केला. विंडोजने डी तपासायला घेतला. आणखी नऊ मिनिटे वारा घातला. मग डी उघडला. वैशालीने चाकणच्या भागाचा फोल्डर उघडला, प्रोग्राम उघडला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मी तिला घाई केली नाही.

"आहे, सर," ती म्हणाली.

मी तिच्या पेन ड्राइव्हवर तो फोल्डर उतरवला, तिच्या लॅपटॉपवर उघडून पाहिला, आणि मगच संगणक बंद केला. लिनक्स त्या दिवशी बसवले नाही. सचिनने जेवायला थांबण्याचा आग्रह केला.

"साहेब, चूक आमचीच. मेनचं मी सांगायला पाहिजे होतं."

"मी विचारायला पाहिजे होते," मी म्हणालो. "नक्कलही मी वाचायला पाहिजे होती. वैशालींना आणि मेस्त्रींना सगळ्यांसमोर शाबासकी द्या. मला नको."

मी जेवलो आणि घरी आलो. हात दोन दिवस दुखत होता.

दसऱ्याला यंत्रे सुरू झाली. वैशालीने भाग चार वेळा मोजून पाहिला. चाकणची माणसे ठरल्या दिवशी आली आणि दुपारपर्यंत पसंती देऊन गेली. सचिनने फोनवर सांगितले. मी बरे म्हणालो.

पुढच्या आठवड्यात लिनक्स बसवायला गेलो. सगळ्या डीची ताजी नक्कल घेतली, तिच्यातील शेवटच्या दिवसाच्या फायली उघडून पाहिल्या, आणि मग कामाला हात लावला. अर्ध्या तासात झाले. निघताना तात्या दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते. ऐंशीच्या घरातले, ताठ. त्यांनी समोरच्या स्टुलाकडे बोट केले.

"बसा साहेब. त्या दिशी बॅटरी कशापायी नेली व्हती? घुगे नीट सांगंना. सचिन म्हनतो, सोडा आता."

मी त्यांना सांगितले. दोन प्लॉट शेजारी शेजारी आहेत. एकाला जागा हवी म्हणून दुसऱ्याचे बिऱ्हाड थोडे पुढे न्यायचे. सामान अर्धे नेले, अर्धे मागे राहिले, आणि दिवे गेले. कोणती वस्तू कोठे, हे फक्त उचलणाऱ्यालाच ठाऊक, आणि उचलणारा दहा मिनिटांचा सोबती.

"आन् सामान कुनाचं?"

"वैशालींचे साडेतीन महिन्यांचे काम. त्याच्यावर चाकणची ऑर्डर."

"म्हंजी समद्यांचंच," ते म्हणाले. "आन् मेनची चावी माझ्या ताटात."

"हो."

"मंग मागितली का न्हाई?"

"पूजा चालू होती, तात्या. सचिन म्हणाले, तुम्ही देणार नाही."

"सचिन म्हनला. तुमी आला व्हता का माझ्याकडं?"

"नाही."

"तीस पावलं बी न्हाईत." त्यांनी काचेच्या खोलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. आवाज चढला नव्हता. "आवो, ती पूजा आमी कुनाची करीत व्हतो?"

मी काचेच्या खोलीतल्या संगणकाकडे पाहिले; खोक्यावर हळदकुंकू अजून होते.